पंप ओरडतोय की हवा धरतोय?

लोडर बंद पडला की आमच्या काळी आधी बातमी पसरायची, मग माणसं जमायची आणि मिस्त्री सगळ्यात शेवटी यायचा. आता लोडर बंद पडला की आधी मिस्त्रीला व्हिडिओ जातो, मग पार्टचा नंबर येतो आणि माणसं जमतच नाहीत. दुरुस्ती लवकर होते, स्वस्तात होते की नाही हा वेगळा वाद, पण त्या दुरुस्तीत बघण्यासारखं काही उरलेलं नाही. २०१९ साली जेसीबीची खुदाई बघत उभ्या राहणाऱ्या गर्दीवर सगळ्या देशाने मोबाइलवर विनोद केले, तेव्हा आम्हा श्रीवर्धनकरांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना. चालू मशीन तर सोडाच, आम्ही बंद पडलेलं मशीनसुद्धा दिवस दिवस बघितलेलं आहे.

आम्ही म्हणजे नव्वदच्या दशकात विशीत असलेले. कुणाच्या घरचा ट्रॅक्टर होता, कुणी ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता आणि उरलेल्यांना दुसरा उद्योग नव्हता. श्रीवर्धनात ट्रॅक्टर नांगरायला आला म्हणणं ही थट्टाच. इथली खाचरं एवढाली, की ट्रॅक्टर वळवायचा तर चाक शेजाऱ्याच्या बांधावर जाणार आणि आजोबांच्या वेळचा दावा नव्याने सुरू होणार. वाड्यांत तर सुपारी आणि नारळ, तिथे नांगराला कामच नाही. ट्रॅक्टर आला तो ओझी वाहायला. जांभ्याचा चिरा, खडी, भरावाची माती, जीवना बंदरावर बर्फाच्या लाद्या, भाद्रपदात गणपती. मग कुणीतरी ट्रॅक्टरच्या पुढे दोन लोखंडी हात आणि बकेट बसवून आणली आणि गावात लोडर झाला. जेसीबी भारतात १९७९ पासून होता, पण आम्ही तो नीट पाहिला कोकण रेल्वेचं काम निघाल्यावर, माणगावकडे जाणं झालं की. आमच्या गडग्यांमधल्या बोळांत तो शिरलाच नसता. ट्रॅक्टरचा लोडर शिरायचा, गडग्याचे एखाद-दोन चिरे पाडून का होईना.

लोडरचं सगळं बळ ऑइलात. पंप टाकीतलं ऑइल ओढतो, व्हॉल्वकडे ढकलतो, लिव्हर ओढली की व्हॉल्व ते जॅकमध्ये सोडतो आणि बकेट वर जाते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलेलं. आम्ही ते शाळेत पाठ केलं होतं, पेपरात दोन मार्कांना लिहिलंही होतं, पण ते खरोखरच तसं असतं हे पहिल्यांदा पाइप फुटला तेव्हा पटलं. दीडशे बार दाब धरला तर चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोच्या वर भार येतो, आणि सहा सेंटीमीटर व्यासाचा जॅक त्या दाबावर सव्वाचार टनांच्या आसपास रेटा देतो. हा सगळा रेटा अडवून धरायचा तो बोटाच्या पेराहून बारीक अशा एका रबरी सीलने. ते सील गेलं की सव्वाचार टनांचं काय होतं, याचं निदान करण्यात आमची तरुण वर्षं गेली.

निदान करायला म्हसळ्याहून चाचा यायचे. म्हसळा-श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांतली कितीतरी माणसं सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातात कामाला गेली, त्यांतलेच ते. कुवेतच्या एका वर्कशॉपात मोठमोठ्या मशिनांवर हात बसला आणि गुडघे धरल्यावर घरी परतले. शर्ट पांढरा घालायचे आणि संध्याकाळीही तो बऱ्यापैकी पांढराच असायचा. आल्या आल्या पाना हातात घेणारा मिस्त्री त्यांना आवडत नसे. आधी ते ड्रायव्हरला समोर बसवून घ्यायचे आणि विचारायचे, "सगळंच मंद चालतंय, की एकच काम मंद चालतंय?"

आम्हाला तेव्हा हा प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा वाटायचा. पण अख्खं शास्त्र त्यातच होतं. उचलणं, बकेट वळवणं, सगळंच मंद असेल तर दोष सगळ्यांच्या वाटेवर आहे, म्हणजे ऑइल, फिल्टर, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व. एकच काम मंद असेल तर पंपाला हात लावायचं कारण नाही, त्या एका जॅककडे, त्याच्या पाइपाकडे, त्याच्या लिव्हरकडे बघा. दुसरा प्रश्न यायचा, "सकाळी उचलतो का, की दुपारी उचलतो?" सकाळी थंड असताना मस्त उचलतो आणि दुपारी मरगळतो, तर पंप झिजलाय, गरम होऊन पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या फटींतून मागे सरकतंय. सकाळी रडतो आणि तापल्यावर सुधारतो, तर ऑइल जाड आहे किंवा आतली जाळी तुंबलीय. दोन प्रश्नांत निम्मं मशीन निर्दोष सुटायचं. मग चहा व्हायचा. मग चाचा उठायचे.

आता मिस्त्री प्रश्न विचारतो ते व्हॉट्सॲपवर, आणि पहिला प्रश्न असतो "मॉडेल कुठलं?" दुसरा असतो "लोकेशन पाठवा." तुम्ही व्हिडिओ पाठवता, तो मोटरसायकलवर बसल्या बसल्या एका कानात इअरफोन घालून पंपाचा आवाज ऐकतो आणि सांगतो, "पंप बदलून बघू." हे 'बदलून बघू' म्हणजे या काळाचं निदान. पंप बदलला आणि चालला, तर पंप गेला होता. पंप बदलला आणि नाही चालला, तर आता व्हॉल्व बदलून बघू. चूक नाही त्याची. त्याला दिवसात चार गावं करायची असतात, आणि दिवसभर उभ्या मशीनचं भाडं बुडतं ते नव्या पार्टपेक्षा महाग पडतं, हा हिशेब मालकच त्याला सांगतो.

चाचांचं उठणं बघण्यासारखं असायचं. पिशवीतून ते हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढायचे, टोक पंपाच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूचे सगळे आपोआप गप्प. इंजिन धडधडतंय, त्या गोंगाटात गप्प राहून काय फरक पडणार होता? तरी गप्प. मग निकाल यायचा. "ओरडत नाही, हवा धरतोय." पंपाला पुरेसं ऑइल मिळालं नाही तर तो एका सुरात किंचाळतो. ऑइलात हवा घुसली तर खडखडतो आणि टाकीत बघितलं तर फेस दिसतो. हवा कुठून घुसते? टाकी ते पंप या ओढणाऱ्या पाइपातून. तिथे सैल क्लॅम्प असला तर ऑइल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि फसगत होते. चाचा बोटभर ग्रीस घ्यायचे आणि त्या पाइपाच्या एकेका जोडावर थापत जायचे. ज्या जोडावर ग्रीस बसताच खडखड थांबायची, तिथलाच क्लॅम्प. एवढं स्वस्त आणि एवढं चोख निदान आम्ही नंतर कुठल्या डॉक्टरकडेही पाहिलं नाही.

ऑइलची परीक्षा निराळी. डिपस्टिकवरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, कचकच लागते का पाहायची, मग नाकाशी धरायचा. जळका वास म्हणजे मशीन तापवून पळवलंय, ड्रायव्हर काही म्हणो. दुधाळ रंग म्हणजे पाणी. पावसाळ्यात बाहेर उभ्या मशीनच्या टाकीत पाणी जातंच, पण थोडं असेल तर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मालकाच्या घरून तवा यायचा. तवा तापवून त्यावर थेंबभर ऑइल सोडायचं. नुसतं धुरावलं तर ठीक, तडतडलं तर पाणी आहे. तो तवा पुन्हा भाकरीला चालत नसे, त्यामुळे निदानानंतर मशीनपेक्षा घरातलं वातावरण जास्त तापायचं. आता ऑइलचा नमुना बाटलीत भरून लॅबला जातो आणि त्यात पाणी किती, लोखंड किती, माती किती याचा छापील कागद येतो. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मशिनांचा येतो. आमच्या तालुक्यात अजून बाटलीही भरत नाहीत आणि तवाही तापवत नाहीत, ठरलेले तास भरले की ऑइल सरळ बदलतात. बिघाडाची वाट न बघता बदललेलं ऑइल सगळ्यात चांगलं, हे कबूल केलंच पाहिजे. आम्ही ऑइल बदलायचो ते दसऱ्याला, तेही ट्रॅक्टरचा धनी खुशीत असला तर.

आणि टाकत काय होतो, ते सांगायलाही धीर लागतो. आज ६८ नंबर म्हटलं की ६८ नंबरच येतं, सीलबंद डब्यात. तेव्हा घरात जे असेल ते जायचं, इंजिनातलं चाळीस नंबर, गिअरचं नव्वद नंबर, शेजाऱ्याकडचं उरलेलं, आणि होडीवाल्या नाखव्याने दिलेलं ज्याला नंबरच नव्हता. त्यात ट्रॅक्टरची रचना अशी, की बहुतेकांत लिफ्टचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच. गिअर झिजून पडलेला लोखंडाचा बारीक भुसा तोच पंप ओढायचा. वर आम्ही पंप उघडायचो कुठे? किनाऱ्यालगतच्या वाडीत, गोणपाटावर, भर वाऱ्यात. केसाएवढ्या फटींवर चालणारं यंत्र आम्ही वाळू उडत असताना उघडत होतो आणि वर म्हणत होतो, की कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही.

सगळ्यात वाईट सवय गळती हाताने चाचपायची. पाइप कुठून तरी शिंपडतोय, ऑइल सगळीकडे पसरलंय, छिद्र दिसत नाही, मग इंजिन चालू ठेवून पाइपावरून पंजा फिरवायचा. आम्ही सगळ्यांनी केलं आहे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून त्या दाबाने निघालेली धार कातडी फोडून आत जाते, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? बाहेर दिसतो एक ठिपका, दुखतही फारसं नाही. माणूस हात पुसतो आणि घरी जातो. रात्री बोट सुजायला लागतं, आतलं ऑइल स्नायूंत पसरत गेलेलं असतं, आणि तासांतच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हात, कापावा लागतो. आमच्यातल्या एकाचं बोट असंच गेलं. 'काही नाही, ऑइल उडालंय' म्हणून दोन दिवस त्याने हळद लावली होती. आज सर्व्हिसचा पोरगा पहिल्याच दिवशी शिकून येतो की गळती शोधायची ती पुठ्ठा धरून, हात लावायचा नाही. उचललेल्या बकेटखाली टेका दिल्याशिवाय जायचं नाही. आम्ही टेका द्यायचो, फणसाचा ओंडका सापडला तर. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने एकदा बिनटेक्याच्या बकेटखाली झोपून बघावं.

हे सगळं माहीत असूनही संध्याकाळची आठवण निघाली की आम्ही विरघळतो. काम संपलं की लोडर वाडीच्या तोंडाशी यायचा. बकेट जमिनीला टेकवायची, जॅक मिटवायचे, जे दांडे बाहेर राहतील त्यांच्यावर ग्रीसचं फडकं फिरवायचं. खाऱ्या वाऱ्याचं गाव आमचं. रात्रभर उघड्या राहिलेल्या दांड्यावरच्या चकचकीत मुलाम्याला बारीक खड्डे पडतात, तेच खड्डे आत-बाहेर करताना सील कापतात, आणि मग दोष सीलला लागतो. हे फडकं फिरवायचं काम हेल्परचं, आणि फडक्यासाठी जुनं सुती धोतर राखून ठेवलेलं असायचं, कारण टेरिकॉट ग्रीस धरत नाही. आगोटीला तर सोहळाच. पापड-मिरच्या, सुकी मासळी, लाकूडफाटा यांच्याबरोबर लोडरचीही बेगमी व्हायची. टाकीच्या श्वासाच्या टोपणावर प्लास्टिकची पिशवी बांधायची, दांड्यांवर जाडसर ग्रीस, आणि वर झापांचा मांडव. ऑक्टोबरात तो मांडव काढला की आत विंचू असायचा, कधी कोंबडीची अंडी.

आता लोडर पावसाळ्यातही चालतो, कारण पावसाळ्यातही कामं चालतात. होमस्टेच्या बांधकामाला आगोट नाही. ड्रायव्हर बहुधा झारखंडचा किंवा बिहारचा असतो, त्याचा करार महिन्यांचा, मशीन दुसऱ्याचं, फडकं त्याने का फिरवावं? तरी त्यातले काही फिरवतात, आणि त्यांना यूट्यूबवर बघून इतकं येतं की आमच्यातल्या जाणत्यांनी गप्प बसावं. कंपनीचं ॲप मालकाला मुंबईत बसून दाखवतं, की मशीन आत्ता कुठे उभं आहे, डिझेल किती आहे, सर्व्हिस कधी आहे. पूर्वी ड्रायव्हर चहाच्या टपरीवर दोन तास बसला तर 'पंप गरम झाला होता' हे कारण चालायचं. त्या गरम पंपावर कितीतरी लग्नं जमली, कितीतरी क्रिकेटचे सामने पाहून झाले. आता पंपाला गरम व्हायची मुभा नाही.

गंमत अशी, की एवढं होऊनही हायड्रॉलिकने लॅपटॉपला अजून फारशी दाद दिलेली नाही. एप्रिल २०२१ पासून अशा चाकांच्या मशिनांना धुराचे नवे नियम लागले, इंजिनं कॉम्प्युटरवर गेली, लॅपटॉप जोडला की इंजिन आपल्या तक्रारी कोडमध्ये सांगतं. पण आपल्याकडच्या बहुतेक लोडरमध्ये जॅकचं सील गेलं तर कोड येत नाही. बकेट खाली बसते आणि लॅपटॉप म्हणतो, सगळं ठीक आहे. तिथे लागतं ते प्रेशरचं गेज. व्हॉल्वजवळच्या तोंडात बसवायचं, जॅक शेवटापर्यंत नेऊन लिव्हर धरून ठेवायची आणि काटा कुठे थांबतो ते पाहायचं. पुस्तकात १८० लिहिलंय आणि काटा ९० वर थांबला, तर मग रिलीफ व्हॉल्व आणि पंप यांच्यात काय ते ठरवा. दहा मिनिटांचं काम. चाचांनी ते कुवेतमध्ये रोज वापरलं होतं. इथे त्यांच्याकडे गेज नव्हतं. आम्ही कधी घेऊन दिलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही, कारण गेज आलं असतं तर डोळे मिटून ऐकायची गरज उरली नसती.

आम्हाला राहून राहून वाटतं, की चाचा कधी चुकले नाहीत. हे खरं असणं शक्य नाही. बकेट रात्रीत खाली बसते ही तक्रार घ्या. संध्याकाळी भरलेली बकेट हातभर उचलून ठेवायची, दांड्यावर खडूची रेघ मारायची, सकाळी रेघ किती आत गेली ते बोटांनी मोजायचं. दोन बोटं गेली की जमलेले सगळे एकमुखाने म्हणायचे, सील गेलं. मग जॅक उतरवायचा, आणि नवं सील आणायला माणूस मुंबईला. रात्रीच्या एसटीने, जुनं सील वर्तमानपत्रात गुंडाळून, पहाटे उतरून नागदेवी स्ट्रीटची दुकानं उघडायची वाट बघत. सीलवरचा नंबर पुसलेला, म्हणून जॅकचा घेर सुतळीने मोजून त्या सुतळीला गाठ मारून नेलेली. दुकानदार सुतळी बघून हसायचा आणि बरोबर सील काढून द्यायचा. सील आलं, बसलं, आणि कितीदा तरी दुसऱ्या रात्री बकेट परत दोन बोटं खाली. कारण दोष व्हॉल्वच्या आतल्या दांडीचा होता, ती झिजून ऑइल परत टाकीत सोडत होती. जॅक पूर्ण मिटवून एका बाजूचा पाइप सोडवा, दुसऱ्या बाजूने दाब द्या. सोडलेल्या तोंडातून ऑइल आलं तर सील, नाही आलं तर व्हॉल्वकडे वळा. ही परीक्षा चाचांना येत होती, पण करायला वेळ लागायचा आणि ऑइल सांडायचं, आणि ऑइल महाग होतं. म्हणून बहुमताने सीलच जायचं. आता आमच्या आठवणीत तो नागदेवीचा प्रवास आहे, सुतळीची गाठ आहे, पहाटेचा चहा आहे. ते सील उगाच आणलं होतं, एवढंच तेवढं नाही. चुकलेल्या निदानाचे पैसे आम्ही देऊन विसरलो, आणि बरोबर आलेली निदानं फुकटात अजून सांगतो आहोत.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्याच किनाऱ्यावर चढलं. दुपारनंतर बाहेर आलो तर वाड्या आडव्या झालेल्या. सुपारी उभी राहायला पाच-सात वर्षं घेते, आडवी व्हायला दुपार पुरली. रस्त्यांवर झाडं, विजेचे खांब, पत्रे. वीज गेली ती कितीतरी आठवडे, मोबाइल बंद, त्यात कोरोनाची टाळेबंदी. जेसीबींनी मोठे रस्ते मोकळे केले, पण बोळांत पुन्हा तोच जुना ट्रॅक्टरचा लोडर. दुसऱ्याच दिवशी तो खडखडायला लागला आणि टाकीत फेस. फोन नाही, व्हिडिओ नाही, पार्टचा नंबर नाही. आमच्यातल्या एकाने काही न बोलता ग्रीस घेतलं आणि ओढणाऱ्या पाइपाच्या जोडांवर थापत गेला. तिसऱ्या जोडाला आवाज बदलला. क्लॅम्प गंजून तुटला होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, वर तार आवळली. त्या पाइपात दाब नसतो, ओढ असते, म्हणून ती ट्यूब टिकली. दाबाच्या पाइपाला गुंडाळली असती तर पहिल्याच उचलीला चिंध्या झाल्या असत्या. त्या दिवशी आमची छाती फुगली होती, हे नाकारत नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या आळीत एका लोडरचा पंप कान लावून 'गेला' म्हणून जाणत्यांनी उतरवला आणि तो लोडर तीन दिवस उभा राहिला, शेवटी निघाला फिल्टर तुंबलेला. ती गोष्ट आम्ही सांगत नाही.

चाचांची मजुरी हाही एक हळवा विषय. त्यांनी कधी आकडा सांगितला नाही. 'द्या काय ते,' म्हणायचे. आम्ही द्यायचो काही पैसे, बंदरावरून पापलेट, पिशवीभर रोठा सुपारी, दोन शहाळी. निघताना ट्रॅक्टरवरच म्हसळ्याच्या वाटेपर्यंत सोडायचो आणि वाटेत ते आणखी दोन मशिनांचे आवाज नुसते ऐकून निदान सांगायचे, त्याचे तर पैसेही नाहीत. आता गाडी गेटात शिरण्यापूर्वी व्हिजिटचा आकडा सांगितला जातो, काम झालं की क्यूआर कोड पुढे येतो, बिल मेलवर. रुक्ष वाटतं. पण ज्याला आपण जिव्हाळा म्हणत होतो त्याला हिशेबाच्या वहीत कमी मजुरी म्हणतात. कुवेतला जे मिळायचं त्याच्या तुलनेत इथे काय मिळालं, हे चाचांनी कधी काढलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही. आजचा पोरगा आकडा सांगतो म्हणून त्याच्या पोरांना आखातात जावं लागणार नाही, असं आपलं आम्ही म्हणतो. ते खरं ठरेलच असंही नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा इकडे नात्यातल्या लग्नाला आले होते. आता मशिनांना हात लावत नाहीत. बोळाच्या तोंडाशी लोडर उभा, बकेट जमिनीवर, खाली ऑइलचं थारोळं, आणि माणगावहून आलेला आयटीआय झालेला पोरगा हातमोजे, चष्मा घालून सज्ज. चाचांसाठी कुणीतरी खुर्ची आणली, आणि खुर्ची आली म्हणून चार माणसं आली. पोराने सगळ्यांना आधी दहा पावलं मागे सरकवलं. मग पुठ्ठा मागितला. शेजारच्या होमस्टेमधून पाण्याच्या बाटल्यांचा खोका आला, तो फाडून त्याने काठीच्या टोकाला बांधला.

"निपल असणार," चाचा म्हणाले.

"पाइप आहे, चाचा. प्रेस केला आहे तिथून दोन इंचांवर."

"पाइप तिथे नाही फुटत. वळतो तिथे फुटतो. हे निपल आहे, आटे गेलेत."

पोराने वाद घातला नाही. लिव्हर किंचित ओढायला सांगून त्याने पुठ्ठा आधी निपलखाली धरला, अगदी निवांत, चाचांना दिसेल असा. कोरडा. मग तो दोन इंच पुढे सरकवला आणि पुठ्ठ्यावर बारीक काळा ठिपका उमटून पसरायला लागला. पाइपच होता. पोराने इंजिन बंद करायला सांगितलं, लिव्हर दोन्हीकडे हलवून उरलेला दाब सोडला आणि अर्ध्या इंची पाइपाची लांबी टेपने मोजून फोन लावला.

नवा पाइप येईस्तोवर चहा झाला. निपलचे आटे कसे जातात, कुवेतच्या उन्हात ते कसे जायचे आणि हा पाइप बदलला तरी महिन्याभरात निपल कसं जाणारच आहे, हे चाचा सविस्तर सांगत होते. ऐकणारे आता दहा-बारा झाले होते.